आडवं पान

मुकादम गौदेंसियोने मासळीच्या डब्यातलं तमालपत्र बोटाने सरळ केलं. बाल्बिनाने ते पुन्हा आडवं ठेवलं.

“अख्ख्या सेतूबल बंदरात असं पान कोणी ठेवत नाही,” तो कुरकुरला.

“माझ्या लेआंद्रोला असंच लागायचं. घरी ठेवायचे तसंच इथे ठेवते. पगार कापायचा तर कापा.”

त्याने पगार कापला नाही. तारली भरण्यात तिचा हात धरेल अशी दुसरी बाई कारखान्यात नव्हती.

सकाळी इंग्रजांचा माल भरायचा, दुपारनंतर जर्मनांचा. समुद्र तोच, मासळी तीच. इंग्रजांच्या डब्यावर गलबत, जर्मनांच्या डब्यावर बुरूज, एवढाच काय तो फरक. या महायुद्धात पोर्तुगाल कोणाच्याच बाजूने लढत नव्हता, त्यामुळे मालकाचं दोन्हीकडून फावलं होतं.

“आपलं कोणाशी वैर नाही, बायांनो,” मुकादम सांगायचा. “भूक काय, सगळ्यांनाच लागते.”

बाल्बिनाचं वैर होतं. तिचा एकुलता एक लेआंद्रो गवंडीकामाला फ्रान्समध्ये गेला, लढाई पेटल्यावर तिथल्याच फौजेत शिरला आणि जर्मनांच्या हाती सापडला. कुठल्याशा छावणीत कैदी आहे, एवढंच तिला कळलं होतं. पोर जिवंत परत यावं, याखेरीज तिने देवाकडे काही मागितलं नव्हतं. पण नुसतं मागून तिचा जीव शांत होईना.

ती दुपारच्या डब्यांत तळाला परवाची, उन्हात नासलेली तारली घालू लागली. वर ताजी, चकचकीत. त्यावर टोमॅटोचा दाट रस आणि पान.

शेजारी बसणाऱ्या एर्मेलिंदाच्या ते एकदा लक्षात आलं.

“अगं, मरेल कोणीतरी,” ती कुजबुजली.

“मरू दे. माझ्या पोराला कोंडणाऱ्यांना मी चांगलंचुंगलं भरवू?”

“आणि पकडली गेलीस तर?”

“तू आपले डबे भर.”

एर्मेलिंदाचे दोन्ही मुलगे इथेच बोटीवर होते, रोज रात्री घरी जेवत होते. ती मान खाली घालून आपले डबे भरत राहिली.

हिवाळ्यात मुकादम वैतागून आला. “जर्मनांच्या शिपायांना आपला माल बाधला म्हणे. उरलेले डबे त्यांनी भटारखान्यातून काढून टाकले. आता मालक माझ्या डोक्यावर बसणार.”

बाल्बिनाने त्या संध्याकाळी देवळात मेणबत्ती लावली. कितीतरी महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं. त्याची तिला लाजही वाटली नाही.

वसंतात आबीलियो दारात उभा राहिला. लेआंद्रोच्याच छावणीत होता तो. क्षयाने छाती पोखरल्यामुळे जर्मनांनी सोडून दिलेला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. ती टोपी पाहूनच बाल्बिनाला काय ते कळलं.

तिने विचारलं, “कोणी मारलं त्याला?”

“कोणी नाही, मावशी. आजारी पडला आणि गेला.”

“त्यांची बाजू घेऊ नकोस. उपाशी मारलं असेल.”

“उपाशी तर सगळेच होतो.” आबीलियो टोपीची कड चिवडत राहिला. “शिपायांनी टाकलेले डबे एकदा आमच्यापुढे आणून ओतले. बुरुजाचं चित्र असलेले. खाल्लंत तर बाधेल, असं पहारेकऱ्यांनीच हसत हसत सांगितलं. कोणी हात लावेना. लेआंद्रोने एक उघडला, आत बघितलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याचा हात धरला, मावशी. शपथेवर सांगतो, धरला होता. पण तो ऐकेचना. ‘पान बघ,’ म्हणाला, ‘आडवं आहे. हे मला कसं बाधेल?’”