अकरा दिवसांचं मौन

जखम धुवायला डॉक्टर वाकले, की घोडी लाथ झाडायची. “पू आज निघालाच पाहिजे,” ते म्हणाले, “नाहीतर जाईल ती.”

दोर धरलेला नवरा भागाबाईंवर खेकसला, “अगं, बोल तिच्याशी! तुझ्या आवाजानंच शांत होते ती. जन्मभर गप्प बस म्हणत आलो, आता बोल म्हणतोय तर!”

भागाबाईंनी ओठ मिटले. घोडी जगावी म्हणूनच त्यांनी देवीपुढे अकरा दिवसांचं मौन धरलं होतं. आज नववा दिवस. बोलावं, तर व्रत मोडतं. न बोलावं, तर घोडी जाते.

“उभी राहा गं, बाय माझी,” तोंडून निघून गेलंच. घोडी थबकली. डॉक्टरांनी पू काढला.

संध्याकाळी देवीपुढे बसल्या, तेव्हा माफी मागावी की उपकार मानावेत, कळेना. मौन सुटलं होतं, तरी शब्द फुटेना.