राजाची अडीच घरं

संपतरावांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. समोर बसलेला सोनाजी बघतच राहिला. हिंगोलीतली स्पर्धा, पाचवी फेरी, आणि राजाची उडी! अहो, ही चाल गोरेगावच्या पारावरची. शह बसलेला नसेल तर राजाने एकदा उडी मारावी, असा जुना देशी नियम. गावात बुद्धिबळाचा क्लब निघाला तेव्हा संपतरावांनीच तो नियम बंद केला. नवे नियम सोनाजीला शिकवले तेही त्यांनीच.

बावीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी खेळत आले. सोनाजी एकदाही जिंकला नाही. एकदाही! बायको टोमणे मारून थकली, लोक हसून थकले. त्याला कप नको होता. एकदा, फक्त एकदा संपतरावांच्या तोंडून ‘हारलो’ ऐकायचं होतं. आजही त्याचे दोन्ही हत्ती गेले होते, वजीर कोपऱ्यात कोंडला होता. आशा म्हणून उरली नव्हती.

आपली मस्करी चाललीय, असं त्याला वाटलं.

“संपतराव, काहून थट्टा करून राहिले? राजा मागं घ्या.”

“बराबर हाय की. शह कुठं बसला मला?” संपतराव म्हणाले.

सोनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याने हात वर केलाच. पंच दीक्षाताई आल्या. त्यांनी राजा जागेवर ठेवायला लावला आणि बजावलं, “काका, पुन्हा चुकीची चाल झाली तर डाव जाईल.”

संपतरावांनी मान डोलावली. राजा एक घर सरकवला. सोनाजीने प्यादं पुढे केलं. संपतरावांनी पुन्हा राजा उचलला. पुन्हा अडीच घरं.

दीक्षाताईंनी घड्याळ थांबवलं. डाव सोनाजीला दिला.

जिंकला होता सोनाजी! कसा का असेना, नियमाने जिंकला होता. आता संपतराव काय म्हणतात म्हणून तो कानात प्राण आणून त्यांच्या तोंडाकडे बघत बसला.

संपतरावांनी मोहरे एकेक करून पुन्हा मांडले. मग गोड हसून हात पुढे केला.

“हारलो बरं का. लई झ्याक खेळता तुमी. पावणं, गाव कोन्तं तुमचं?”