वीतभर लांब

गॅलरीला जाळी ठोकून तिने हौसेने पक्षी पाळले होते. बाकीचे मनसोक्त उडायचे, पण दुकानातल्या टीचभर पिंजऱ्यात वाढलेला नवा बजी दांडी सोडायलाच तयार नव्हता. मग छताला टांगलेली दाण्याची वाटी ती रोज वीतभर लांब सरकवू लागली. मोडलेला पाय जुळूनही पडायच्या धास्तीने खाटेला चिकटलेला नवरा आतून ओरडायचा, “किती अंत बघशील बिचाऱ्याचा? ठेव की चोचीजवळ!” “पंख ठणठणीत आहेत त्याचे. भीती तेवढी जायला हवी.” आज वाटी पार दुसऱ्या टोकाला होती. बजी बराच वेळ चुळबुळला, मग फडफडत वाटीवर आदळला. नवऱ्याने बसल्याजागी टाळ्या पिटल्या. “जिंकलास पठ्ठ्या! यावर चहा झालाच पाहिजे!” तिने चहा आणला आणि खाटेजवळच्या स्टुलाऐवजी समोरच्या खिडकीत ठेवला. “अगं, मी इकडे आहे!” “दिसतंय. उद्या गॅलरीत ठेवणार आहे.”