सरदाराची बायको

"घाला ना आजी, एकच फोटो," असं म्हणत संग्रहालयात काम करणाऱ्या लिंदेनीने लाल टोपी खोम्बिसिलेच्या डोक्यावर धरली. खोम्बिसिलेने मान मागे घेतली.

टोपी सुपासारखी पसरट, लाल मातीने माखलेली. लग्न झालेल्या बाईची. खोम्बिसिलेचं वय ऐंशीच्या वर आणि डोकं उघडं. या वयाची दुसरी बाई तिच्या खोऱ्यात उघड्या डोक्याने फिरत नाही.

समोर भिंतीवर, काचेमागच्या जुन्या फोटोतही खोम्बिसिलेच होती. सतरा वर्षांची, डोक्यावर अशीच टोपी. खाली पाटी: 'झुलू सरदाराची पत्नी. नाव अज्ञात.' पेपरात छापून आलेल्या या फोटोतला भुवईवरचा व्रण बघून भावजयीने, झिबुयिलेने, तिला ओळखलं होतं. मग संग्रहालयाने गाडी पाठवली. आता नवी पाटी करायची होती. लिंदेनीने तिचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "आजोबा कुठले सरदार?"

"कुणी नाही."

"वारले का?"

"नव्हतेच."

म्हातारी विसरत असेल, असं लिंदेनीला वाटलं. शाळेची मुलं येतात तेव्हा आपण त्यांना हा फोटो मुद्दाम दाखवतो, तिने समजावलं. ओठांच्या कोपऱ्यात बघा, म्हणून सांगतो, नांदत्या बायकोचा मान कसा दिसतो ते.

मान कसला. ते दाबलेलं हसू होतं. कॅमेऱ्यामागे तिघी मैत्रिणी तोंडावर हात धरून उभ्या होत्या. फोटो काढणाऱ्या गोऱ्याला सरदाराची बायको हवी होती आणि सरदारांच्या बायका त्याच्यासमोर उभ्या राहीनात. म्हणून त्याने पाणी नेणारी पोर धरली. स्वतःच्या पेटीतली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली, मिठाची पुडी हातात दिली आणि गेला. पोरींना चेष्टा वाटली.

त्याने त्या चेष्टेची पोस्टकार्डं छापली, दुकानांतून विकली. एक जोहान्सबर्गच्या खाणीवर पोचलं. कामगारांच्या बराकीत कुणीतरी ते भिंतीला ठोकलं. त्याच बराकीत बेकुयिसे झोपायचा. तिच्याशी लग्न ठरलेला, तिच्या बापाला द्यायची गुरं जोडायला गेलेला. त्याला कार्डावरची अक्षरं वाचता येत नव्हती. टोपी वाचता येत होती. तो परत आलाच नाही. सहा वर्षांनी त्याचा सोबती आला, तेव्हा गावाला कारण कळलं. तोवर त्याने तिकडेच घर केलं होतं.

यातलं काही खोम्बिसिले बोलली नाही. गाडी तिचं ऐकायला आली नव्हती, तिला टोपी घालायला आली होती.

"वन्सं, घाला की," सोबत आलेली झिबुयिले म्हणाली. "या वयात कोण विचारायला येतंय, टोपी कुणाच्या नावाची ते? फुकटात लग्न लागतंय म्हणा."

कॅमेरा धरून थांबलेला पेपरवाला फोटोग्राफर हसला. खोम्बिसिले उठली, काठी टेकत काचेपाशी गेली.

"ही फोटोतली टोपी पुसता येते का गं?"

"आजी, तो इतिहास आहे."

"इतिहास तुझा. डोकं माझं आहे."

तिने काचेवर हात ठेवला. आडवा, सगळी बोटं पसरून. टोपी तळव्याखाली गेली. उरलं कपाळ, भुवईवरचा व्रण आणि ते हसू. कुणीही मागणी घालावी अशी मुलगी.

काचेला हात लावायचा नाही, लिंदेनीने सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. हात हलला नाही.

"आता काढ," खोम्बिसिले फोटोग्राफरला म्हणाली. "आणि एक खाणीवर पाठव."