तिसरी तपासणी

सोमवार, दिनांक ७ मे १९७३, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. साखऱ्याच्या पाझर तलावाच्या कामावरील तंबूत माणसे चार होती आणि खुर्च्या तीन. ज्येष्ठ ओव्हरसिअर अमृतराव, त्यांचे जोडीदार नरसिंग आणि कारकून तातेराव बसले होते. कनिष्ठ ओव्हरसिअर संतराम खंदारे उभा होता.

चौथी खुर्ची मागवावी, असे दीड वर्षात कुणाला सुचले नव्हते.

"लेव्हलच्या दुर्बिणीत सारं उलटं दिसतंय, म्हाईत हाय ना?" अमृतराव चहाची बशी फुंकत म्हणाले. "सरकारनंबी तीच दुर्बीण लावली. मंग काय, खालचे वर दिसून राहिले."

नरसिंग पोट धरून हसला. तातेराव हसू आवरल्यासारखे करून हसला.

"दुर्बिणीचा दोष नाही, साहेब. भिंगं तशीच असतात," संतराम म्हणाला.

"बघा! तंत्रनिकेतन बोलून राहिलं!" अमृतराव नरसिंगला म्हणाले.

संतरामने लेव्हलची पेटी उचलली आणि तो बाहेर पडला. दुर्बिणीतून वाचायची आकड्यांची उंच पट्टी खांद्यावर घेऊन, मोजणीला मदत करणारा सटवाजी खलाशी मागोमाग निघाला.

कामाचा रिवाज असा होता : संतरामने बांधाच्या रेषेवर ठिकठिकाणी लेव्हलने उंची मोजायची, मग अमृतरावांनी तीच रेषा स्वतंत्रपणे मोजून त्याचे काम ताडून पाहायचे. दोन वेळा अमृतरावांनी त्याच्या वहीवर 'चूक' असा शेरा मारला होता. दोन्ही वेळा त्यांनी बांधावर पाऊलही ठेवले नव्हते. लिंबाच्या सावलीत बसून, संतरामच्या आकड्यांत हवे तेवढे मिळवून, त्यांनी आपले आकडे बसवले होते. हे संतराम जाणून होता आणि सटवाजीही. पुरावा मात्र नव्हता. तिसऱ्यांदा तसाच शेरा आला तर नोकरीवरून कमी केले जाईल, असे पत्र परभणीच्या कार्यकारी अभियंत्यांकडून येऊन पडले होते.

"साहेब, या वक्ती मी सांगू का मोठ्या सायबाला?" चढ चढताना सटवाजीने विचारले.

"तुझं ऐकणार कोण? उलट तुझीच रोजी जाईल."

"मंग हे असंच चालू द्यायचं? काहून गप ऱ्हाता तुमी?"

"पट्टी सरळ धर, सटवाजी. डावीकडं झुकली."

तीन दिवस संतरामने तीच रेषा मोजली, एकदा नव्हे, तीनदा. दुपारी तापलेल्या मातीवरून हवा थरथरू लागली की वाचन बिनभरवशाचे होते, म्हणून तो सकाळी दहापर्यंतच काम करी आणि उन्हे कलल्यावर पुन्हा सुरू करी. ज्या दगडापासून सुरुवात केली त्याच दगडावर तो परत आला, तेव्हा फरक चार मिलिमीटर निघाला. मुभा होती पंचवीसची.

बुधवारी, नऊ तारखेला, दुपारी साडेतीनला त्याने लेव्हलची पेटी टेबलावर ठेवली आणि ताब्याची नोंदवही पुढे केली.

"ताबा घ्या, साहेब. पेटी उघडून पाहून सही करा."

"तुझ्याकडून शिकायचं का आता?" अमृतरावांनी न उघडताच सही ठोकली आणि पेटी खाटेखाली सरकवली. "मोजणीची वही ठेव. अन् जा. तोंड सुकून गेलं बघ तुझं."

संतराम सायकलने सेनगावला गेला. पोस्टात त्याने परभणीला एक रजिस्टर पत्र टाकले. दुसऱ्या दिवशी तातेरावने ही बातमी तंबूत आणलीच.

"राजीनामा धाडला का रे?" नरसिंगने विचारले.

"तसंच समजा," संतराम म्हणाला.

"शहाणा झाला," अमृतराव म्हणाले. "हाकलून देण्यापरीस आपल्या पायानं गेलेलं बरं."

पुढचे तीन दिवस लिंबाखाली अमृतरावांची खाट पडली. सटवाजी पट्टी उशाला घेऊन झोपला. त्याला कुणी हाक मारली नाही.

सतरा तारखेला कार्यकारी अभियंता जीपने आले. अमृतरावांनी आपली वही अदबीने पुढे ठेवली. चौसष्ट वाचने, सुबक अक्षर, आणि शेवटी संतरामच्या आकड्यांशी फरक एकवीस सेंटिमीटर.

"लेकरू बरं हाय, सायेब," ते कळवळून म्हणाले. "पण हे काम त्याच्या आवाक्यातलं न्हाई. आमी लई सांभाळून घेतलं."

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवल्या. सटवाजीने मान खाली घातली.

"खंदारे, काही म्हणायचंय?"

"एकच, साहेब. तपासणी कुणी, कधी आणि कोणत्या लेव्हलनं केली, तेवढं लेखी घ्यावं."

"घ्या की!" अमृतराव हसले. "लेव्हल हाय किती? एकच." त्यांनी वहीखाली लिहिले : 'दिनांक १० ते १२ मे, चौसष्ट वाचने, मी स्वतः, याच लेव्हलच्या दुर्बिणीतून घेतली.' खाली झोकदार सही केली.

साहेबांनी खाटेखालची पेटी मागवली. लेव्हल बाहेर काढून त्यांनी डोळ्याला लावली, ढगविरहित आभाळाकडे धरली आणि खाली ठेवली. मग खिशातून एक पत्र काढून त्यावरचा पोस्टाचा शिक्का अमृतरावांना दाखवला. शिक्का नऊ मे.

ते वाचू लागले : 'ज्या आडव्या धाग्यावर पट्टीचे वाचन घेतात, तो दुर्बिणीतील धागा जीर्ण झाल्याने मी आज माझ्या हाताने काढला आहे. नवा धागा परभणीहून मिळून बसेपर्यंत या लेव्हलमधून वाचन घेणे कोणासही शक्य नाही. ताबा घेणाऱ्यास पेटी उघडून पाहण्याची विनंती केली. त्यांनी पाहिली नाही.'

साहेबांनी लाल शाईचे पेन उघडले आणि अमृतरावांच्या सहीखाली शेरा लिहिला :

'घेतलेली वाचने : शून्य.'