भिंगावरचं झाकण

मरीआईच्या देवळापुढं बायकोच्या ढोलक्याच्या तालावर पोतराज स्वतःच्या उघड्या पाठीवर आसूड ओढत होता, आणि डॉक्टर अन् वकील त्याच्यावर आपापले महागडे कॅमेरे तपासून घेत होते. दोन्ही एकाच कंपनीचे रेंजफाइंडर. डॉक्टरांचा जुना, वकिलाचा नवा. कुणाचा बफर मोठा, म्हणजे कुणाचा कॅमेरा न थांबता जास्त फोटो घेतो, याची पैज लागली होती.

डॉक्टरांचा थोड्याच फटक्यांत अडकला. “तुमच्या म्हाताऱ्याला अपचन झालं, डॉक्टर!” वकील खिदळला. त्याच्या नव्याची खटखट पाठीतून रक्त आलं तरी चालूच राहिली.

मग त्यानं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. सगळे फोटो काळेकुट्ट. या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर झाकण तसंच होतं, आणि गड्याला खिडकीतून सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यानं झाकण काढून खिशात टाकलं. “ए बाबा, पुन्हा एकदा कर. जरा जोरात.”

डॉक्टरांनी जवळ जाऊन जखम न्याहाळली. हा माणूस रोज जखमा शिवतो. म्हणाला, “वरवरची आहे. चालेल.”

पोतराजानं पुन्हा आसूड उचलला. बाईनं ढोलकं बंद केलं. ढोलकं थांबलं की आसूड थांबतो, ही त्यांची रीत. नवऱ्याच्या हातातला आसूड घेऊन तिनं तो वकिलापुढं धरला.

“सदरा काढा, सायेब. मी वाजवते, तुमी मारून घ्या. फोटू ह्ये डाक्टर काढतील. बघू, आधी कोण थांबतंय.”

वकिलानं खिशातलं झाकण काढून पुन्हा भिंगावर लावलं.