शिवलेली पानं

पुस्तकाची शेवटची पानं शिवून टाकलेली होती.

रोहिणीनं ते उलटसुलट करून पाहिलं. लाल दोरा, बारीक एकसारखा टाका, उघड्या कडांना सगळीकडून घातलेला. मलकापूरच्या पलीकडच्या त्या वाडीत, दूध संस्थेच्या खोलीत पुस्तकांची पेटी ठेवून वर्ष होत आलं होतं. कोल्हापुरात लोकांकडून मिळालेली पुस्तकं ती एसटीनं आणायची, पेटीत भरायची आणि वाचून झालेली परत न्यायची. चहा सांडलेली, हळदीची बोटं उमटलेली पुस्तकं तिच्या सवयीची होती. शिवलेलं मात्र पहिलंच.

संस्थेत दूध मापून घेणाऱ्या गुंडूनं एका नजरेत सांगितलं, हा टाका धोंडुबाईच्या घरचा. अख्ख्या वाडीच्या वाकळा, गोधड्या तीच शिवते. पुस्तक नेलं होतं तिच्या लेकीनं, शालननं. शालनला इचलकरंजीला दिलेली, पण दिवाळीपासून ती माहेरीच होती. नवरा मारायचा, एवढं त्यानं आवाज खाली आणून सांगितलं.

रोहिणीनं ही कादंबरी वाचलेली नव्हती. तिथंच बाकावर बसून तिनं पानं चाळली. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईची गोष्ट होती. बाई शहरात येते, नोकरी धरते, एकटीची खोली घेते. आणि पुढं दोरा. दोन टाक्यांच्या फटीतून तिनं आत डोकावून पाहिलं, पण अर्धेमुर्धे शब्दच दिसले. कात्री मागावी असं मनात आलं. मग वाटलं, आधी शिवणारीलाच विचारावं.

वाटेनं चालता चालता तिनं मनाशी सगळं जुळवूनही टाकलं. घर सोडलेली बाई शेवटी सुखी होत असणार. लेकीच्या डोक्यात ते शिरू नये, म्हणून आईनं पानं बंद केली असणार.

धोंडुबाई सोप्यात वाकळ पसरून बसली होती. रोहिणीनं पुस्तक पुढं धरलं आणि जरा कडक आवाजातच विचारलं, पुस्तक का शिवलं म्हणून. धोंडुबाईनं टाक्यावरून बोट फिरवलं.

“बाई, मला अक्षर येत न्हाय. कुठलं पान शिवायचं, मला काय ठावं?”

तेवढ्यात आतून शालन बाहेर आली. दाराला टेकून उभी राहिली.

“आयनं न्हाय. मी शिवल्यात.”

मग तिनं सगळं सांगितलं. त्या शिवलेल्या पानांत ती बाई परत जाते. नवऱ्याच्या पाया पडते, नवरा सुधारतो, घर सुखाचं होतं. शालननं ते दुपारी वाचलं आणि तिला वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला न सांगता पिशवी भरली आणि ती रत्नागिरी रोडवर जाऊन उभी राहिली. इचलकरंजीला कोल्हापुरावरूनच जायचं. कोल्हापूरची गाडी आली. तिनं पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर तिच्या तोंडून इचलकरंजीचं नाव काही केल्या निघेना. मागची माणसं ढकलायला लागली. ती उतरली. घरी आली आणि तिनं आईच्या डब्यातली सुई घेतली.

रोहिणीनं पुस्तकाच्या लाल टाक्याकडं पाहिलं. या वाडीतल्या बायका कादंबऱ्या आवडीनं वाचतात म्हणून तिनंच हे पुस्तक न वाचताच निवडून पेटीत घातलं होतं.

“पण शेवट तर तू वाचलास,” ती म्हणाली. “आणि गेलीही नाहीस. मग आता कशाला शिवलंस?”

शालननं तिच्याकडं नवलानं पाहिलं. एवढं शिकलेल्या बाईला हे कसं कळेना, असं.

“माझ्या मागनं हे पुस्तक जी नेईल,” ती म्हणाली, “ती एसटीत चढून बसंल की.”